दाराबाहेरचा समाचार

मराठीत ‘समाचार’ या शब्दाला तीन अर्थ आहेत. एक म्हणजे बातमी. दुसरा, आजारी माणसाला भेटून त्याची विचारपूस करणं; आमच्या वसई-विरारकडची जुनी माणसं अजूनही ‘जरा समाचाराला जाऊन येतो’ असं म्हणतात. तिसरा अर्थ तर आपण सगळेच वापरतो. एखाद्याला फैलावर घेतलं की त्याचा ‘चांगला समाचार घेतला’ म्हणतो. मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला, वैद्यकशास्त्रातलं मला फारसं कळत नाही. पण शब्दांची खोड जडलेली आहे. हा एक शब्द हातात धरून आज मला एका जागेचा इतिहास सांगायचा आहे. ती जागा म्हणजे अतिदक्षता विभागाच्या, आपल्या तोंडातल्या आयसीयूच्या, दाराबाहेरचा बाक.

आयसीयूचा इतिहास पुस्तकांत सापडतो. तो यंत्रांचा, औषधांचा आणि मोठ्या डॉक्टरांचा आहे, आणि तो लिहिला गेला हे चांगलंच झालं. बाकावरच्या माणसांचा इतिहास मात्र तुकड्यातुकड्यांनी गोळा करावा लागतो. कारण त्या माणसांना तिथे नावच नसतं. बाहेरचा प्रत्येक जण ‘पेशंटचे नातेवाईक’ असतो. औषधाची चिठ्ठी घेऊन धावायचं, कागदावर सही करायची आणि हाक आली की उठून उभं राहायचं.

हा बाक नव्हता तेव्हा काय होतं ते आधी सांगतो. मी बोळिंजचा. विरार स्टेशनातून उतरून पश्चिमेला आगाशी-अर्नाळ्याच्या वाटेला लागलं की बोळिंज लागतं. आज तिथे टॉवर आहेत, म्हाडाची हजारो घरं आहेत. माझ्या लहानपणी केळीच्या वाड्या होत्या, पानवेली होत्या आणि प्रत्येक वाडीत विहीर होती. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, शेवटच्या आजारात दोन महिने ओटीवरच्या खाटेवर होते. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याला ‘इयादत’ म्हणतात. पण ओटीवर येणारे काही आमचेच नव्हते. वाडवळ आळीतल्या काकू यायच्या, नंदाखालकडचे ख्रिस्ती ओळखीचे यायचे, आणि येताना कुणी शहाळं तर कुणी केळी आणायचं. ताप किती चढला, पेज किती गेली, कूस कुणी बदलली हे घरातल्या पोरासोरांनाही माहीत असायचं. डॉक्टर सायकलवरून यायचे आणि जे सांगायचे ते ओटीवर बसलेल्या सगळ्यांसमोर सांगायचे.

त्या खाटेचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. त्या खाटांवर जी माणसं गेली त्यातली कितीतरी आज वाचली असती. सांगायचं इतकंच, की तेव्हाही काळजी होती, पण काळजीच्या हातांना काम होतं. पाय चेपायचे, पाणी गरम करायचं, पंखा हलवायचा. आणि आजाराची माहिती, बरोबर असो वा चूक, घरातच असायची.

ती घरातून बाहेर पडली त्याची सुरुवात आपल्यापासून फार दूर झाली. १९५२ साली डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं ब्लेगडॅम रुग्णालयात येऊ लागली. सुरुवातीच्या आठवड्यांत तिथल्या उपलब्ध यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने एक उपाय सुचवला. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरायची. ऑगस्टअखेर बारा वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला आणि ती वाचली. पण पिशवी दाबणार कोण? दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे? त्यासाठी सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीने मुलांच्या उशाशी बसले. पुढच्या वर्षी, १९५३च्या डिसेंबरात, इब्सेन यांनी त्याच शहरात गंभीर रुग्णांसाठी एक स्वतंत्र विभाग सुरू केला. जगातला पहिला आयसीयू म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

मला त्या विद्यार्थ्यांचं राहून राहून वाटतं. आयसीयूचं पहिलं यंत्र म्हणजे एका माणसाचा हात होता. पुढे त्या हाताची जागा व्हेंटिलेटरने घेतली, भोवती आणखी यंत्रं आली, आणि दार बंद झालं.

मुंबईत हे विभाग १९६०चं दशक सरताना आणि १९७०च्या सुरुवातीला आले. आधी हृदयरुग्णांसाठी, मग इतरांसाठी. परळच्या के.ई.एम.चं आणि ब्रीच कँडीचं नाव त्यात येतं, आणि डॉ. फरोख उदवाडिया यांचं नाव तर आदराने घेतलं जातं. या शाखेच्या डॉक्टरांची देशव्यापी संघटना १९९३ साली मुंबईतच स्थापन झाली. दार बंद ठेवायला कारणं होती. जंतुसंसर्गाची भीती खरी होती, गर्दीचा त्रास खरा होता. थोडी कर्मचाऱ्यांची सोयही होती, हेही खोटं नाही. आजाऱ्याला भेटण्याची वेळ दिवसातून तासभर आणि तीही एकेकट्याने, असा शिरस्ता पडला. समाचाराचा एक अर्थ, भेटण्याचा, तिथे संपला. मग दुसरा, बातमीचा, तो तरी दाराबाहेर यायला हवा होता.

बंद दाराबद्दल तक्रार करणारे लोक परदेशातही होतेच. कोपनहेगनची साथ आली त्याच वर्षी लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचा रुग्णालयातला मुक्काम चित्रित केला. आईवडिलांपासून तोडलेलं मूल कसं खचत जातं हे त्या फिल्ममध्ये लोकांना दिसलं. १९५९ साली तिथल्या एका सरकारी समितीने मुलांच्या वॉर्डात आईबापांना मुक्तपणे येऊ द्यावं अशी शिफारस केली. मुलांपुरतं दार किलकिलं झालं, ते असं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे बाहेरच्या माणसाचा विचार ज्याने केला त्याच्या हातात खराटा होता. गाडगेबाबांनी १९५४ साली मुंबईत जे.जे. रुग्णालयापाशी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. कोपनहेगनचा तो विभाग सुरू झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. गाडगेबाबा गावोगाव हिंडलेले, त्यांनी फुटपाथवर निजलेली माणसं पाहिली होती. मोखाड्याहून, सोलापूरहून आलेला माणूस आत असतो तेव्हा त्याची बायको रात्री कुठे अंग टाकते, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी तो विटा-चुन्याने सोडवला. पुढे दादरला हिंदमाताजवळ त्यांच्या नावाची धर्मशाळा झाली, ती टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांचा आणि त्यांच्या माणसांचा आधार झाली. परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८पासून याच कामात आहे.

डोक्यावर छप्पर आलं. पण आत काय चाललंय ते सांगणारं कुणी? त्याचीही एक सुरुवात जे.जे.मध्येच झाली होती, आणि ती आपण विसरलो आहोत. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने १८९५ साली, आणि बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयाने १९०५ साली, रुग्ण आणि त्याच्या घरच्यांशी बोलायला स्वतंत्र माणूस नेमला. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, आज आपण जिला ‘टिस’ म्हणतो ती. आणि १९४६ साली जे.जे.मध्ये वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. ती देशातली पहिली मानली जाते. सरकारी रुग्णालयांत आजही ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी लावलेली खोली असते. या माणसाचं मूळ काम होतं समजावून सांगण्याचं. आज बहुतेक वेळा तो बिलाची सवलत आणि योजनांचे कागद यांतच गुंतलेला दिसतो. त्याचा दोष नाही. रांग तेवढी मोठी असते.

बाकावरच्या माणसांना नेमकं काय हवं असतं, हे त्यांनाच विचारावं असं कुणाला सुचायला १९७०चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेत नॅन्सी मोल्टर नावाच्या परिचारिकेने आयसीयूतल्या रुग्णांच्या ४० नातेवाइकांना गाठलं. तिने ४५ गरजांची यादी केली होती आणि प्रत्येक गरज किती महत्त्वाची वाटते ते विचारलं. १९७९ साली तिचा निबंध छापून आला. सगळ्यांत वर होती आशा. आपल्या माणसाची इथे कुणाला तरी काळजी आहे असं वाटणं वरच्या क्रमांकांत होतं. प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं मिळणं, तब्येतीत बदल झाला तर घरी फोन येणं हेही वरच होतं. स्वतःच्या आरामाच्या गोष्टी लोकांनी पार खाली ठेवल्या होत्या. हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. आपल्याकडच्या बाकावर कुणाला ‘जेवलात का’ विचारा, उत्तर येतं, ‘आमचं काय!’

मग फ्रेंच डॉक्टरांनी आणखी एक पाऊल टाकलं. तिथल्या ३४ आयसीयूंमध्ये त्यांनी नातेवाइकांना एक साधं माहितीपत्रक दिलं. त्यात डॉक्टरांचं नाव होतं, आयसीयूच्या खोलीचं चित्र होतं, चित्रातल्या प्रत्येक यंत्रापुढे त्याचं नाव होतं आणि नेहमी कानावर पडणाऱ्या बारा शब्दांचे अर्थ होते. बस्स, एवढंच. २००२ साली निष्कर्ष आले. पत्रक न मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के लोकांना आपल्या माणसाला काय झालंय हे नीट कळलेलं नव्हतं. पत्रक मिळालेल्यांत हे प्रमाण साडेअकरा टक्क्यांवर आलं. पुढे २००७ साली तिथल्याच २२ आयसीयूंत, ज्यांचा रुग्ण वाचणार नव्हता अशा १२६ नातेवाइकांवर दुसरा अभ्यास झाला. काहींना नेहमीसारखं सांगितलं गेलं. काहींबरोबर डॉक्टर नीट बसले आणि त्यांना एक पुस्तिकाही दिली. तीन महिन्यांनी पाहिलं तर बसून बोललेल्या घरांत चिंतेची लक्षणं ४५ टक्के लोकांत होती, नेहमीच्या पद्धतीत ६७ टक्क्यांत. आणि त्या बैठकांत वेगळं काय घडलं होतं? बैठक वीस मिनिटांची तीस मिनिटं झाली होती. नातेवाइकांचं बोलणं मात्र पाच मिनिटांवरून चौदा मिनिटांवर गेलं होतं. डॉक्टरांनी वाढवलेला बहुतेक वेळ ऐकण्यात गेला होता.

दहा मिनिटं. आपल्या डॉक्टरांकडे ती नसतात हे मला माहीत आहे. एका निवासी डॉक्टरकडे किती खाटा असतात तेही पाहिलेलं आहे. म्हणून तर मला त्या माहितीपत्रकाचं मोल अधिक वाटतं.

आता घरातलं थोडं सांगतो. २०१६ साली माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे दुल्हाभाई, मुंबईच्या एका रुग्णालयात आयसीयूत होते. आम्ही बोळिंजहून पहाटेची लोकल पकडून जायचो, दिवस बाकावर काढायचो आणि रात्री आळीपाळीने परत यायचो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘क्रिटिकल आहेत, पण स्टेबल आहेत.’’ आपाने त्यातलं ‘स्टेबल’ ऐकलं आणि सगळीकडे फोन करून सांगितलं, आता बरे आहेत. तिच्या मुलाने ‘क्रिटिकल’ ऐकलं आणि तो जिन्यात जाऊन रडत बसला. एकाच घरात, एकाच वाक्याच्या दोन बातम्या.

‘सिरीयस’ या शब्दाचं असंच आहे. आपल्याकडे ‘सिरीयस आहे’ म्हणजे गावाहून माणसं बोलावून घ्या. डॉक्टरांच्या तोंडी त्याचा अर्थ तेवढा टोकाचा नसतो. ‘रिस्पॉन्स देत नाहीत’, ‘सपोर्टवर आहेत’, ‘सेडेशन चालू आहे’ ही वाक्यं आपण मान हलवून ऐकतो आणि डॉक्टर गेल्यावर एकमेकांना विचारतो, काय म्हणाले? फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी परिचर्येवरच्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या दाराबाहेर चालणाऱ्या कुजबुजीवर चांगलीच टीका केली होती. अर्धवट ऐकू येणारं बोलणं रुग्णाला छळतं असं त्यांचं म्हणणं होतं. अर्धवट कळणाऱ्या शब्दांनी बाहेरच्यांचंही तेच होतं.

आपाची गाठ तिसऱ्या दिवशी केरळच्या एका सिस्टरशी पडली. तिचं मराठी मोडकंतोडकं होतं. आपा तिला म्हणाली, ‘‘सिस्टर, ते माझ्याशी बोलत नाहीत. माझ्यावर रागावलेत का?’’ सिस्टरने औषधाच्या चिठ्ठीच्या मागे पेनाने गळा काढला.

‘‘मावशी, हे बघा, नळी इथून जाते. आवाज पण इथूनच येतो. म्हणून बोलता येत नाही. राग नाही.’’

‘‘आणि हात का बांधलेत?’’

‘‘झोपेत नळी ओढतात ना. म्हणून. सैल बांधलंय, मी दर थोड्या वेळाने बघते.’’

‘‘ती घंटा सारखी वाजते...’’

‘‘बोटाचा चिमटा निघाला तरी वाजते. मी धावत आले तरच घाबरायचं.’’

दुल्हाभाई अकराव्या दिवशी गेले. त्या अकरा दिवसांतलं आपाला आज जे आठवतं त्यात ती चिठ्ठी आहे. तिच्या कपाटात ती अजून आहे. आणि बोळिंजमध्ये कुणाचंही माणूस आयसीयूत गेलं की आपाला बोलावणं येतं. ती बाकावर जाऊन बसते आणि घंटेचं आणि नळीचं सांगते. मागे आमच्या आळीतले एक वयस्कर गृहस्थ आयसीयूत भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणू लागले, बायकोला ओळखेनात. घरात कुजबुज सुरू झाली, बाहेरचं काही असेल, कुणाला तरी दाखवूया. आपाने त्यांच्या सुनेला सरळ डॉक्टरांकडे पाठवलं. असा संभ्रम आयसीयूत पुष्कळांना होतो. वैद्यकात त्याला डेलिरियम म्हणतात. दिवस-रात्र कळत नाही, झोप मोडते, आजाराचा आणि औषधांचा अंमल असतो. ओळखीचा आवाज, घरचा चष्मा, समोर घड्याळ, आज कोणता वार आहे हे पुन्हा पुन्हा सांगणं, याने मदत होते. बहुतेकांचं ते ओसरतं. हे आधी माहीत असलेलं घर आणि नसलेलं घर यांच्या त्या रात्री अगदी वेगळ्या जातात.

माहिती नसली की तिची जागा रिकामी राहत नाही, अफवा येऊन बसते. ‘माणूस मेलेला असतो, बिल वाढवायला व्हेंटिलेटरवर ठेवतात’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरार लोकलच्या डब्यात सापडायचा नाही. २०१५ साली ‘गब्बर इज बॅक’ या हिंदी चित्रपटात तसा प्रसंगच दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिलांबद्दलचा लोकांचा अविश्वास उगीच आलेला नाही, हे मीही म्हणेन. पण व्हेंटिलेटर फक्त श्वास देतो. हृदय थांबलं असेल तर तो ते चालू ठेवू शकत नाही, आणि मेलेल्या शरीरात हवा भरून ते जिवंत दिसत नाही. गोंधळ होतो तो मेंदू मृत झाला की. मेंदू कायमचा थांबलेला असतो, पण यंत्राच्या श्वासावर हृदय काही काळ धडधडत राहतं. आपल्याकडे १९९४ सालच्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यू कसा ठरवायचा ते सांगितलंय. चार डॉक्टरांचं पथक लागतं, आणि किमान सहा तासांच्या अंतराने तपासण्या दोनदा कराव्या लागतात. ही चार वाक्यं बाकासमोरच्या भिंतीवर मराठीत, हिंदीत लिहिलेली असती तर? भिंतीवर आपल्याला दिसतं ते ‘शांतता राखा’.

शांतता राहत नाही. २०१७च्या मार्चमध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याचा डोळा गेला. राज्यभर निवासी डॉक्टर कामावरून बाजूला झाले. रुग्णालयांतल्या मारहाणीविरुद्ध आपल्या राज्यात २०१०पासून कायदा होता, तो कुणाला आठवला नव्हता. समाचार या शब्दाचा हा तिसरा अर्थ. त्या मारहाणीला कुठलीही सबब नाही, आणि मी ती देणार नाही. पण त्यानंतर काय झालं ते पाहा. सरकारी रुग्णालयांत सुरक्षारक्षक आले, नातेवाइकांना मोजके पास आले. ते गरजेचं असेल. दाराशी रक्षक उभा राहिला. समजावून सांगणारा माणूस त्याच्या शेजारी उभा राहिला नाही.

कायद्याने कागद मात्र पुष्कळ दिले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००८ साली त्याच न्यायालयाने सांगितलं की संमती घ्यायची तर पुरेशी माहिती देऊन घ्या. २०२१च्या जानेवारीत महाराष्ट्राने खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचे नियम बदलले आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. आजार काय, उपचार कोणते, खर्च किती, हे जाणून घेण्याचा हक्क त्या सनदेत आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण मध्यरात्री सही करणाऱ्या माणसाच्या हातात जो फॉर्म येतो तो मी पाहिला आहे. चार पानं, बारीक इंग्रजी आणि खाली फुली मारलेली जागा.

ते नियम आले त्याच वर्षीचा एप्रिल आम्ही विरारकर विसरू शकत नाही. करोनाची दुसरी लाट होती, आणि आयसीयूबाहेरचा बाकसुद्धा उरला नव्हता. माणूस आत गेला की घरच्यांच्या हातात फक्त फोन. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. दोनच दिवसांनी, २३ एप्रिल २०२१च्या पहाटे तीनच्या सुमारास, आमच्या विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावरच्या आयसीयूला आग लागली. त्या पहाटे १३ रुग्ण दगावले. बोळिंजच्या घराघरांत ती बातमी टीव्हीवरून आली. लोक मास्क लावून रस्त्यावर उभे होते आणि एकमेकांना विचारत होते, कोण कोण होतं आत?

त्याच दोन वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. ‘सॅच्युरेशन’ हा शब्द घराघरांत शिरला. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं अशा आज्या बोटाला चिमटा लावून सांगू लागल्या, ‘‘त्र्याण्णव आलाय रे, डॉक्टरांना फोन कर.’’ पालथं झोपल्याने ऑक्सिजन वाढतो हे रिक्षावाल्यांना माहीत झालं. सामान्य माणसाला वैद्यकातलं कळत नाही, असं जे नेहमी सांगितलं जातं, ते मला तेव्हापासून पटेनासं झालंय. त्याला कुणी सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं आणि त्याच्या भाषेत सांगितलं, म्हणून कळलं.

असं सांगणारे आपल्याकडे मधूनमधून उगवले आहेत. १९९७ साली मुंबईत फोर्टला डॉ. अनिरुद्ध आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी सामान्य लोकांसाठी आरोग्याच्या पुस्तकांचं मोफत ग्रंथालय काढलं. कुणीही यावं आणि आपल्या आजाराविषयी वाचावं. मग २०१२च्या सुमाराला अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांनी बंगळुरूच्या नारायणा रुग्णालयात ताटकळलेले नातेवाईक पाहिले. त्यांना वाटलं, हे लोक नुसतेच बसले आहेत, यांना काही शिकवता येईल का? त्यातून ‘नूरा हेल्थ’ ही संस्था झाली. व्हरांड्यात किंवा वॉर्डात नर्स वीसपंचवीस नातेवाइकांना गोळा करते आणि चित्रं, छोट्या फिल्म दाखवून शिकवते. हात कसे धुवायचे, टाक्यांची काळजी कशी घ्यायची, धोक्याची लक्षणं कोणती. पुढे पंजाब, कर्नाटक, मध्य प्रदेशातल्या सरकारी रुग्णालयांत हे काम पसरलं. ओटीवरच्या खाटेभोवतीच्या माणसांचं हिरावलेलं काम त्यांना थोडंसं परत मिळालं, असं मला ते वाचताना वाटलं.

आयसीयूत तेवढं काम देता येत नाही. पण सांगता तर येतं. म्हणून त्या फ्रेंच पत्रकावरून मी आणि आपा गेले काही महिने एका कागदाच्या मागे लागलो आहोत. बारा शब्द, सोप्या मराठीत, एका बाजूला खोलीचं चित्र. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर तपासून देणार आहेत. रोज ठरावीक वेळी डॉक्टरांना भेटायला घरातला एकच माणूस ठरवा, प्रश्न आधी लिहून न्या, ऐकलेलं वहीत टिपा, हेही त्यात आहे. व्हेंटिलेटरला आम्ही ‘श्वास देणारं यंत्र’ लिहिलं. सेडेशनला ‘औषधाने आणलेली झोप’. मॉनिटरला मॉनिटरच ठेवलं, तो सगळ्यांना कळतो.

अडलो ‘स्टेबल’पाशी. मी ‘स्थिर’ लिहिलं होतं. तीस वर्षं कविता लिहिणाऱ्याला दुसरं काय सुचणार. आपा म्हणाली, ‘‘स्थिर म्हटलं की लोकांना वाटेल, हलत नाहीत.’’ मग तिनेच पेन घेतलं आणि त्या शब्दापुढे लिहिलं, ‘कालच्यासारखेच आहेत. बरे झालेले नाहीत, बिघडलेलेही नाहीत. उद्या पुन्हा विचारा.’